दाजींची जपानी पोरं

जपानमधली कॉलेजची पोरं शंभरेक वर्षांपूर्वी काय उद्योग करत होती, याची खडान्‌खडा माहिती असलेला आणि स्वतः कॉलेजच्या फाटकातून एकदाही आत न गेलेला माणूस जगात एकच झाला. ते माझ्या ताईचे थोरले दीर. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर, राहायला वर्तकनगरात, आणि जीव अडकलेला जुन्या जपानी मूकपटांत; त्यातही फक्त विद्यार्थ्यांच्या विनोदी पटांत. मुंबईतल्या कुठल्याशा फिल्म सोसायटीकडून ते रिळांचे डबे आणत, तेही चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. एसटीत कुणी विचारलंच, "काय आहे हो?" तर म्हणत, "जपानची पोरं. झोपलीयत."

रविवारी दुपारी कॉलनीच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून खेळ व्हायचा. पडद्यावर मधूनमधून जपानी अक्षरांच्या पाट्या यायच्या आणि त्या कुणालाच, दाजींनाही, वाचता यायच्या नाहीत. पण जपानात पूर्वी पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस सगळ्यांचं बोलायचा, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मग काय, दाजी उभे. नायकाचं नाव बाळ्या. प्राध्यापक नाकातून सदाशिव पेठी मराठी बोलणार आणि घरमालकीण अस्सल आगरी. एकदा कुणीतरी हटकलं, "दाजी, जपानी बाई आगरी कशी बोलेल?" दाजी म्हणाले, "समुद्र आहे, मासळी आहे, भात आहे. मग दुसरं काय बोलणार ती?" एकदा रिळं उलटसुलट लागली, बाळ्याला आधी पदवी मिळाली आणि मग तो परीक्षेला बसला. "हुशार पोरगा आहे," म्हणून दाजींनी खेळ तसाच पुढे नेला.

त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नापास झालो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबांचं उभं आयुष्य मिठागरात गेलेलं. मी पास झालो म्हणून थाप मारली आणि त्यांनी अख्ख्या गावात पेढे वाटले. पंधरा दिवस मी गावात तोंड चुकवत फिरलो. शेवटी दाजींना गाठलं. म्हटलं, "तुम्हीच सांगा ना त्यांना." दाजी म्हणाले, "मी कशाला? नापास तू झालास. रविवारी बापाला घेऊन ये."

बाबा पहिल्या रांगेत बसले. पटात बाळ्याचा बाप गावाहून येतो आणि दोघं समोरासमोर बसतात, तो प्रसंग आम्हाला पाठ होता. तिथे दाजी नेहमी ओरडायचे, "बाबा, पहिला नंबर!" आणि हॉल हसायचा. त्या दिवशी पाटी आली आणि दाजी गप्प. नुसती प्रोजेक्टरची घरघर. मग हळूच म्हणाले, "बाबा..." आणि पुन्हा गप्प. बाळ्या मान खाली घालून बसलेला. बाबांना काही राहवेना. ते पडद्यालाच ओरडले, "आरं सांग ना बापाला! बाप काय वाघ हाय?"

दाजी बाळ्याच्या आवाजात म्हणाले, "बाबा, मी नापास झालो."

"मंग? पुन्ना बस!" बाबा म्हणाले. सगळा हॉल हसला. मी सोडून.

बाहेर पाण्याच्या पिंपाशी मी बाबांना सांगून टाकलं. त्यांनी हातातल्या ग्लासातलं पाणी ओतून टाकलं. "पेढं वाटलं रं मी," एवढंच म्हणाले. मग ग्लास उपडा ठेवला, टोपी नीट केली आणि म्हणाले, "बोललोय ना आत. पुन्ना बस."

मी बसलो आणि पास झालो. पदवीचा कागद घरी भिंतीवर आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवतो आणि त्यात मला लाज वाटत नाही.

दाजी गेल्यावर काही वर्षांनी तोच पट एका महोत्सवात पाहिला. खाली इंग्रजी अक्षरं होती. पहिल्यांदाच कळलं, की त्या पाटीवर बाळ्या बापाला सांगतो, "परीक्षा छान गेली." बाप खूश होऊन गावी परततो आणि पोराचं खरं त्याला कधीच कळत नाही. दाजी हे ऐकून नक्की म्हणाले असते, "पाटी चुकलीय."

बाळ्या मान खाली घालून बसला होता. पडद्याशेजारी कुणीच उभं नव्हतं. शेवटी मीच पुटपुटलो, "बाबा, मी नापास झालो." शेजारच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.