डांबर 'सोड' शिकला नव्हता

वेल्डरचा डावा डोळा आठवडाभर लालभडक होता आणि त्यावरून घरात रोज खडाजंगी. डोळ्यापुढे काळी काच न धरताच वेल्डिंगचा एक टाका मारायला गेला, कण उडाला, बसला डोळ्यात. लेक कानीकपाळी ओरडत होती, "बाबा, दवाखान्यात चला, डोळा जाईल." हा म्हणायचा, "माझा डोळा आहे, माझं मी बघून घेईन." कशाने बघणार होता, देव जाणे! आज तर तिने नुसता हात पुढे केला, तर हा अंगावर धावला. "हात लावू नकोस!" दोघं सबंध रस्ता न बोलता खेळायला आली.

खेळ चालायचा चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत, सुट्टीच्या दुपारी. टेबलावर हाताने काढलेला नकाशा, फासे, आणि प्रत्येकाचं एक सोंग. चष्मेवाला गोष्ट पुढे न्यायचा, बाकीचे आपलं सोंग काय करतं ते सांगायचे, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. वेल्डर शिकारी, लेक वैदीण, कोपऱ्यावरची बेकरीवाली तिरंदाज. शिवाय शिकाऱ्याचा लढाऊ कुत्रा, डांबर. त्याच्यावर वेल्डरचा भारी जीव.

डांबरला त्याने फार चिकाटीने तयार केलं होतं. जनावराला पाचच आज्ञा शिकवता यायच्या आणि एकेक शिकवायला कितीतरी डाव जायचे. 'धर', 'झेप', 'माग काढ' आणि 'राख' झाल्या. पाचवी जागा रिकामी होती. बेकरीवाली म्हणाली होती, "आता 'सोड' शिकवा हो." त्यावर हा उसळला होता, "धरलेलं सोडायला शिकवू? मग धरायचं कशाला?" आणि 'राख' म्हणजे काय, तर मालक पडला की त्याला जो हात लावेल त्याचा लचका तोडायचा. चष्मेवाल्याने तेव्हाच विचारलं होतं, "कोणीही?" "कोणीही म्हणजे कोणीही!"

घ्या आता. आज खिंडीत लुटारूंनी गाठलं. शेवटचा लुटारू पळाला, पण जाताना शिकाऱ्याच्या बरगडीत भाला खुपसून गेला. शिकारी बेशुद्ध, रक्त वाहतंय, आणि त्याच्या छाताडावर पाय रोवून डांबर दात विचकतोय.

"हात लावल्याशिवाय वैदिणीची विद्या चालत नाही," चष्मेवाला हळूच म्हणाला, "आणि हात लावला की डांबर चावणार."

वेल्डरने तोंड उघडलं आणि मिटलं. बेशुद्ध माणसाने बोलायचं नाही, बोलला तर मेला, हा नियम त्यानेच आणला होता. तिरंदाज बेशुद्ध पडली तरी बेकरीवाली सल्ले द्यायची म्हणून! आता स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून बसायची पाळी आली.

"मी कुत्र्याला बाण मारते," बेकरीवाली म्हणाली.

"खबरदार!" लेक कडाडली. "त्याचा काय दोष? शिकवलं तेच करतोय." तिने मांस टाकून पाहिलं. फासा पडला, डांबरने हुंगलंसुद्धा नाही. मग ती म्हणाली, "मी जवळ जाते. हात लावते."

चष्मेवाल्याने फासा टाकला. डांबरने दंडाचा लचका तोडला. वैदिणीच्या अंगात जेमतेम धुगधुगी उरली.

"पुन्हा जाते."

"अगं, आता चावला तर मरशील," बेकरीवाली म्हणाली. "शाळेत होतीस तेव्हापासूनची वैदीण आहे ती."

"माहीत आहे. पण माणूस समोर मरतोय आणि मी लांब उभी राहू? जाते."

वेल्डरच्या लाल डोळ्यातून पाणी गळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. ही पोर ऐकणार नाही, त्याला ठाऊक होतं. हट्ट त्याच्याकडूनच आला होता. चष्मेवाल्याने फासा मुठीत खुळखुळवला, हात वर नेला.

"थांब!" वेल्डरने त्याचं मनगट धरलं. "मागे हो, पोरी! मागे हो!"

बेशुद्ध माणूस बोलला होता. नियम तो नियम. चष्मेवाल्याने शिकाऱ्याची सोंगटी नकाशावर आडवी केली.

लेक ताडकन उठली. "का बोललात? मी वाचवलं असतं तुम्हाला! फासा पडायचा होता अजून."

"मग काय करू? तुझा जीव जाताना हाताची घडी घालून बघत बसू?"

"आणि मी आठवडाभर काय करतेय?" तिचा आवाज फाटला. "मीही बघतच बसलेय ना! जवळ आले की अंगावर येता. बोलायची सोय नाही, हात लावायची सोय नाही."

बेकरीवाली बिस्किटाच्या पुड्याशी उगाच चाळा करत राहिली. चष्मेवाल्याने मात्र न विचारता टेबलावरचा दिवा वेल्डरच्या तोंडाकडे वळवला.

लेक टेबलाला वळसा घालून आली. तिने हात पुढे केला. वेल्डरचे खांदे ताठ झाले, मान मागे जायला निघाली, आणि तिथेच थांबली. तिने हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला.

"मालक तर गेला," तो पुटपुटला. "डांबरचं काय आता?"

"माझ्याकडे राहील. 'सोड' शिकवायचंय त्याला," पापणी अलगद वर करत लेक म्हणाली. "हलू नका, बाबा."

तो हलला नाही.