हैजा नव्हता, फुटू होते

माझ्या मोठ्या जाऊबाई, अंजनाबाई, रागीट आहेत हे मला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. भिलाई स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरांत सार्वजनिक नळावर बायका त्यांना आधी घागर लावू देत. माझे थोरले दीर शेषराव गँगमन होते, दिवसभर रुळांवर घण मारणारा माणूस, पण घरात आवाज जाऊबाईंचाच. मला आधी त्यांची भीती वाटे. पण खरा राग काय असतो ते मी अठ्ठावन्न सालच्या श्रावणात पाहिलं, आणि त्यानंतर मला त्यांची भीती वाटली नाही.

त्या गोंदियाकडच्या. सहा वर्षांच्या होत्या तेव्हापासून आईच्या मागे जंगलात जायच्या. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीला त्यांच्याकडे सात्या म्हणतात, इकडे छत्तीसगडात फुटू. त्या सात्या जमिनीतून ओढत नसत, मातीत बोटं घालून अख्खा देठ बाहेर काढत. वारुळावरच्या सात्याचा देठ मुळासारखा खोल जातो. तो तसा निघाला नाही तर त्या तिथंच टाकून देत, मग वर कितीही सुंदर छत्री असो.

पोलादाच्या प्लांटचं काम तेव्हा जोरात होतं. दिवसरात्र ट्रक, धूळ, सायरन. लांबलांबून माणसं आली होती आणि ठेकेदारांच्या झोपड्यांत राहत होती. त्यातच केवलराम आणि कमला. तो खोदकामावर, ती डोक्यावर माती वाहणारी रेजा. केवलरामचं गाव उतईच्या पलीकडे. कमला मात्र रायपूरच्या राइस मिलच्या वस्तीत वाढलेली, तिनं फुटू पाहिले ते बाजाराच्या टोपलीतच. केवलरामची म्हातारी आई सोबत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

कमलेची आणि जाऊबाईंची ओळख नळावर झाली. झोपड्यांत पाणी नव्हतं म्हणून ती आमच्याकडे यायची. इतर बायका तिला हाकलत. जाऊबाईंनी एकदा त्यांना असं काही सुनावलं की पुन्हा कुणी बोललं नाही. तेव्हापासून कमला त्यांना काकी म्हणू लागली.

त्या पावसाळ्यात जाऊबाईंनी तिला दोनदा सोबत नेलं. एकदा वारुळावर. दुसऱ्यांदा एका शेतकऱ्याच्या खळ्यावर, भाताच्या कुजलेल्या तणसाच्या ढिगावर. मीही होते.

"हे पाय," जाऊबाई म्हणाल्या, "याच्या बुडाले पांढरी वाटी आहे नं, अंड्याच्या टरफलावानी? हे पैरा फुटू. तणसावरचं. कळी असंल तं अजून कवळं लागते."

कमलेनं मान हलवली. आम्ही पदरभर घेऊन आलो.

मग आठ दिवसांची झड लागली. खोदकामाच्या खड्ड्यांत पाणी भरलं, काम बंद झालं. काम बंद म्हणून मुकादमानं तांदूळ देणंही बंद केलं. झोपडीत तीन माणसं आणि कण्याही संपलेल्या. चौथ्या दिवशी कमला एकटीच निघाली. खळ्यावर शेतकऱ्यानं उभं केलं नाही. परत येताना, प्लांटच्या हद्दीबाहेर थोडं जंगल उरलं होतं तिथं झाडांच्या बुडाशी तिला पांढऱ्या कळ्या दिसल्या. बुडाला वाटी. अंड्याच्या टरफलासारखी. तिनं टोपली भरली.

घरी म्हातारीनं हात लावून पाहिलं, वाटी चाचपली आणि म्हणाली, पैरा फुटूच आहेत. दिसत असतं तर तिनं कदाचित ओळखलं असतं. कदाचित नसतंही. कळी असताना दोन्ही आतून पांढरे असतात. उमलल्यावर तणसावरच्याचा आतला भाग गुलाबी होतो, त्या दुसऱ्याचा पांढराच राहतो. हे जाऊबाईंना माहीत होतं. कमलेला नव्हतं.

संध्याकाळी तिनं मीठ-मिरची घालून भाजी केली. नवऱ्याला आणि सासूला वाढली. स्वतः शेवटी बसली तेव्हा भांड्यात रस तेवढा उरला होता आणि दोन तुकडे.

पहाटेपासून तिघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारी आम्हाला कळलं. ठेकेदाराचा एक दवाखाना होता, पत्र्याचा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, एरवी सगळं कंपाउंडर दौलतराव बघत. नागपूरकडचा माणूस, आमच्या ओळखीचा, गणपतीला आमच्याकडे जेवून गेलेला.

जाऊबाईंनी कमलेला एकच विचारलं, "काय खाल्लं?"

"फुटू."

"कुठचं?"

तिनं सांगितलं तसा जाऊबाईंचा चेहरा उतरला. त्या थेट दौलतरावांसमोर गेल्या.

"हे विषारी सात्याचं आहे. माह्या मावशीच्या घरी पायलं मी. दुसऱ्या दिवशी मानसाले बरं वाटते, उठून बसते, भूक लागली म्हनते. मंग तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोये पिवळे होतात. याहिले सोडू नका. मोठ्या डॉक्टरले बलवा."

"अंजनाबाई, कॅम्पात हैजा आहे," दौलतराव म्हणाले. पटकीला इकडे हैजा म्हणतात. "काल दोन आले, आज हे तीन. तुमी डॉक्टर झाल्या काय?"

"हैज्यात मानूस असं दुसऱ्या दिवशी उठते काय?"

"उठला तं चांगलंच आहे नं!"

दुसऱ्या दिवशी केवलराम खरोखरच उठून बसला. म्हातारीनं पेज मागितली. दौलतरावांनी रजिस्टरमध्ये हैजा, बरा, असं लिहून तिघांना घरी पाठवलं. जाऊबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यांना बाजूला करायला चौकीदार बोलवावा लागला. केवलराम हसून म्हणाला, "बने हँव काकी, बने हँव." बरा आहे मी.

चौथ्या दिवशी त्याच्या डोळ्यांत हळद उतरली. पाचव्या दिवशी तो गेला. सहाव्या दिवशी म्हातारी. कमला पिवळी पडली, आठ दिवस निपचित होती, पण जगली.

मोठ्या डॉक्टरनं तरी काय केलं असतं, हे मला माहीत नाही. पुढं एका जाणत्या डॉक्टरला आम्ही विचारलं, तो म्हणाला, या विषावर औषध नव्हतंच. पण निदान माणसं खाटेवर असती, सलाईन लागलं असतं, कुणीतरी खरं नाव लिहिलं असतं.

हैजा म्हणून झोपडीत चुना टाकला, भांडी फोडली, गोधड्या जाळल्या. फुटूबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट झोपड्यांत वेगळीच कुजबुज सुरू झाली. नवरा गेला, सासू गेली, ही कशी राहिली? कुणीतरी टोनही हा शब्द काढला. टोनही म्हणजे चेटकीण. तो शब्द इकडे बाईच्या अंगाला चिकटला की तिला मारही बसू शकतो.

आम्ही गेलो तेव्हा झोपडीसमोर वीस-पंचवीस माणसं जमली होती. कमला आत कोपऱ्यात. एकाच्या हातात काठी होती. जाऊबाई गर्दीतून सरळ आत शिरल्या, कमलेचा हात धरून तिला बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं.

"ही कावून वाचली, सांगू?" त्या ओरडल्या. मराठी, हिंदी, छत्तीसगडी, तोंडाला येईल ते. "नवऱ्याले वाढलं, सासूले वाढलं, आन इच्या ताटात काई उरलंच नाई! उपाशी राहिली म्हनून वाचली! तुमच्या घरी बायका कवा जेवतात? आधी का शेवटी? मंग समद्याच टोनही व्हय काय?"

गर्दीतल्या बायकांनी खाली पाहिलं. काठीवाला मात्र सरकला पुढं. जाऊबाईंनी त्याची काठी धरली आणि सोडलीच नाही. तो ओढत होता, ह्या धरून. शेवटी त्याच्या स्वतःच्या बायकोनं त्याला मागं खेचलं. आम्ही कमलेला घेऊन क्वार्टरवर आलो.

दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं होतो, आता सहा. शेषराव आपली वळकटी उचलून व्हरांड्यात गेले.

तिसऱ्या दिवशी कमला पहिल्यांदा बोलली. जाऊबाई तिच्या केसांची गुंतवळ सोडवत होत्या.

"तहीं त देखाए रहे, काकी."

तूच तर दाखवलं होतंस.

जाऊबाईंचा हात थांबला. मी चुलीपाशी होते. मला वाटलं आता त्या भडकतील. त्या भडकल्या नाहीत. त्यांनी कंगवा खाली ठेवला. मग मला म्हणाल्या, "मी इले चांगलं कोनतं ते सांगितलं, रमा. वाईट कोनतं ते सांगितलंच नाई. कळी कवळी लागते म्हनलं. माह्याच तोंडानं म्हनलं."

"तुम्हाला काय ठाऊक ती एकटी जाईल म्हणून?"

"भुकेलं मानूस एकटंच जाते. मले ठाऊक पाह्यजे होतं."

कमला ऐकत होती. तिनं माफ केलं असं काही नाही. ती तोंड फिरवून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी टोपली आणि खुरपी घेतली. मी सोबत गेले. जंगलाच्या त्या तुकड्यात दोन रेजा आधीच वेचत होत्या, टोपलीत तळाशी पांढऱ्या कळ्या. जाऊबाईंनी काही न विचारता ती टोपली उलटी केली आणि पायानं तुडवली. एकीनं त्यांना शिवी दिली, दुसरीनं धक्का दिला. त्या चिखलात बसल्या आणि बसूनच ओरडल्या, "केवलराम हेच खाऊन मेला! हैजा नाई! हेच!"

त्या दोघी थबकल्या. एक म्हणाली, "पण आम्हाला तर सांगितलं हैजा आहे, पाणी उकळून प्या. आम्ही पाणी उकळून पितो."

जाऊबाई उठल्या. आता त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खुरपीनं तिथले सगळे फुटू वाटीसकट खणून काढले, उमललेले, न उमललेले, आणि टोपली डोक्यावर घेऊन दवाखान्याची वाट धरली. तीन मैल ती टोपली त्यांनी मला घेऊ दिली नाही.

दवाखान्यात रांग होती. त्या रांगेत थांबल्या नाहीत. दौलतरावांच्या टेबलावर, रजिस्टरवर, त्यांनी टोपली रिकामी केली. माती, पाला, फुटू, सगळं.

"हे काय!" दौलतराव खुर्ची मागं सारून उभे राहिले.

"केवलरामनं खाल्लं ते. शिजवून आनून देऊ? का कच्चं खाता?"

"अंजनाबाई, तमाशा करू नका."

"तमाशा कायचा? तुमच्या पुस्तकात हैजा लिवला आहे. हैजा टोपलीत नसते. मंग याच्यात भ्याचं काय? खा. एक खा. एक कळी. मी इथंच उभी आहे."

रांगेतली माणसं पुढं आली. दौलतरावांनी एकदा फुटूंकडे पाहिलं, एकदा माणसांकडे. त्यांच्या हाताला माती लागली होती. ते कोपऱ्यातल्या बादलीकडे गेले आणि साबण लावून हात धुऊ लागले. एकदा धुतले, पुन्हा धुतले.

"पायलं?" जाऊबाई रांगेकडे वळून म्हणाल्या. "त्याहिले ठाऊक आहे."

दौलतराव पाठमोरेच म्हणाले, "लिहिलेलं बदलता येत नाही, बाई. साहेबांची सही झाली. मलाही नोकरी आहे."

"तुमाले नोकरी आहे," जाऊबाई म्हणाल्या. "तिले नवरा नाई."

रजिस्टर बदललं नाही. चार दिवसांनी मात्र दवंडी पिटली गेली: रानातले फुटू खाऊ नयेत, विकू नयेत. कारण सांगितलं नाही. मग चौकीदारांनी बाजारात जाऊन टोपल्या लाथाडल्या. वर्षानुवर्षं तणसावरचे चांगले फुटू विकणाऱ्या गावच्या म्हाताऱ्या, ज्यांना कोणता खावा आणि कोणता नाही हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, त्या रडत घरी गेल्या. जंगलात जाणारे तसेच जात राहिले. जाऊबाईंनी त्या दिवशी जेवायला नकार दिला. "मी काय मागितलं आन याहिनं काय केलं," एवढंच म्हणत राहिल्या.

पुढच्या पावसाळ्यापासून त्या स्वतःच झोपड्यांत जाऊ लागल्या. कामाची पाळी सुटायच्या वेळी एका फडक्यावर दोन्ही फुटू मांडायच्या. चांदीचं नाणं काळं पडलं तरच विष, लसूण टाकून पाहा, किडे खातात ते माणसाला चालतं, असं लोक सांगत. त्या प्रत्येकाला झापत. "नाण्यानं कळत नाई. लसनानं कळत नाई. तणसावर नसंल तं वाटीवालं घेऊच नका. कळी घेऊच नका. मले स्वतःले शंका आली तं मी फेकतो, मंग तुमी कोन?"

पहिली दोन वर्षं कमला सोबत गेली नाही. ती आमच्याकडे राहिली, रेल्वेच्या साइडिंगवर गिट्टी टाकायला जाऊ लागली, जाऊबाईंशी कामापुरतं बोले. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी तिनं न सांगता टोपली उचलली आणि पुढं चालू लागली. झोपड्यांत ती पहिल्यांदाच बोलली: "माझा नवरा मेला, सासू मेली. मी वाढलं." लोक जाऊबाईंचं ओरडणं ऐकत नसत, कमलेचं हळू बोलणं ऐकत.

तरी दोन वर्षांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या वस्तीत एक अख्खं कुटुंब गेलं. तिथंही लिहिलं गेलं हैजाच.

पासष्ट साली शेषरावांची डोंगरगडला बदली झाली. कमलेच्या भावानं उतईकडे बटाईनं शेत घेतलं होतं, ती तिकडे गेली. निघताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. कमलेनं जाऊबाईंची पेटी बैलगाडीत चढवून दिली, दोरी आवळली, गाठ दोनदा तपासली.

डोंगरगडला एकदा हळदीकुंकवाला गोष्ट निघाली तेव्हा एक बाई सहज म्हणाल्या, "केवलरामच्या नशिबात तेवढंच होतं म्हणायचं."

अंजनाबाई ताट ठेवून उठल्या. "नशीब नाई," त्या म्हणाल्या, "खरं नाव लिवलं नाई कोनी." आणि चपला घालून घरी निघून गेल्या.