डावखुरे शिकारी आणि निमोण्याचे आबा

गप्पांची नोंद कोणी ठेवत नाही, म्हणूनच त्या साचत जातात. शिरूरच्या आमच्या वाचनालयात दुपारी जमणाऱ्या मंडळींत माझ्यावाचून कोणी टिपणवही बाळगत नसे. त्यामुळे तेथले किस्से आपोआप माझ्याकडे जमा झाले. त्यांतले उत्तम ते सारे एका चित्रसंचाभोवतीचे आहेत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एस.टी. डेपोतून निवृत्त झाल्यावर, पुण्याच्या जुन्या बाजारात मला वीस-बावीस सुटी विलायती चित्रे मिळाली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर उमटवलेली, दीडदोनशे वर्षांपूर्वीची. विषय एकच: ससे, तितर आणि लावे पकडण्याच्या तऱ्हा. प्रत्येकाखाली मराठी टीप लिहून प्रदर्शन भरवावे, असे मी ठरवले. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी शब्दकोश उशाशी घेऊन शिकलो. त्यामुळे माझ्या टिपेत कोणी चूक काढलेली मला सहन होत नाही, हे कबूल करतो.

टिपा तपासायला निमोण्याचे बिरा आबा येत. तरुणपणी मेंढरांमागे हिंडताना ते फासे लावत. त्यांचा मुलगा संपत रांजणगावच्या कंपनीत होता. त्याने आधीच अट घातली की आबांचे नाव कोठेही येता कामा नये. आता कायदा आहे, वनखात्याने म्हाताऱ्याला या वयात चौकशीला बसवले तर काय करायचे? मी शब्द दिला.

*

एका चित्राखाली ‘लाइम’ लावलेल्या डहाळीने पाखरे धरण्याची हकिकत होती. मी लिहिले, ‘लिंबाची डहाळी’. लिंबाला पाखरू चिकटेल कसे, असे आबांनी विचारले. मी कोश उघडून ‘चुना’ केले. त्यावर आमचे शिंपी दत्तू आप्पा म्हणाले, “चुना लावून माणसं धरत्यात, भाऊसाहेब. पाखरं न्हाईत.”

आबांनी दोन बोटे एकमेकांना टेकवून सावकाश सोडवली. “चीक. वडाचा, कढवून घट्ट केल्याला.”

कोशात तो अर्थ सर्वांत शेवटी दिलेला होता.

*

दुसऱ्या चित्रात एक शिकारी कापडावर रंगवलेली गाय पुढे धरून, तिच्याआडून तितरांकडे सरकत होता. विलायती बुद्धीचे हे उदाहरण मी मंडळींना सविस्तर समजावून सांगितले. आबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“आमची मेंढरं रंगवावी लागत नव्हती,” ते म्हणाले.

मी वहीतली दीड पाने खोडली. ज्या गोष्टीला आपण युक्ती म्हणतो, ती दुसऱ्या कोणाची रोजची चाल असते, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

*

एक निरीक्षण मात्र सर्वस्वी माझे होते. ‘त्या देशातील पारधी बहुतांशी डावखुरे असत.’ ही टीप मी ठळक अक्षरांत लिहिली होती.

आबांना ती पटेना. गाठ डावी, खिसा डावा, कुत्र्याची साखळी डाव्या हाती; अख्खे गाव डावखुरे कसे असेल? आप्पांनी चित्र डोळ्यांजवळ नेले. “आन् पुरुषाच्या कोटाला बटणं बायकांच्या बाजूनं कशी?”

आप्पा ते चित्र घेऊन आपल्या शिंपीकामाच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांच्या आरशापुढे धरून उभे राहिले. आरशात सगळे शिकारी उजवे झाले होते. पत्र्यावर सुलटे कोरले की कागदावर उलटे उमटते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

त्यानंतर वर्षभर आप्पा मला चहाचा कप डाव्या हाताने देत असत.

*

प्रदर्शनाच्या दिवशी एक वनरक्षक गणवेशातच आत आला. सशाच्या फाशाच्या चित्रापुढे तो थांबला. खाली मी लिहिले होते की फासा जमिनीपासून चार बोटे वर हवा, कारण ससा धावताना मान खाली घालतो.

“हे पुस्तकातलं वाटत नाही. कोणी सांगितलं?”

दाराशी आबांजवळ उभ्या असलेल्या संपतचा चेहरा उतरला. मी शब्द दिलेला होता.

“मी,” मी म्हणालो.

“तुम्ही फासे लावलेत?”

“होय. तरुणपणी.”

“खोटं हाय, साहेब,” मागून आबांचा आवाज आला. “त्यांला पिशवीच्या तोंडाला गाठ मारता येत न्हाई. चार बोटं मी सांगितली.”



वनरक्षक आबांकडे वळला. मग चित्रांच्या गठ्ठ्याची सुटलेली सुतळी टेबलावरून उचलून त्यांच्या हाती दिली. “दाखवा.”

आबांनी न पाहता गाठ मारली. वनरक्षकाने फाशात आपले बोट घालून ओढले. फासा आवळला. त्याने पुन्हा ओढले, तसा आणखी आवळला. बोट लाल होऊ लागले.

“आबा, आता सोडवा की.”

आबांनी भिंतीवरची सारी चित्रे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहून घेतली आणि माझ्याकडे वळले.

“भाऊसाहेब, सोडवायचं चित्र हाय का ह्यात कुठं?”