कोरडा येसर

आईचा येसर गावातल्या प्रत्येक लग्नात जायचा, आई जायची नाही. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, मिरच्या खमंग भाजून दळायच्या. ती पूड पाण्यात कालवून उकळली की झाली आमटी. येसर कोरडा होता तोवर सगळ्यांना चालायचा. लग्नघरचा माणूस दारात लांबून डबा धरायचा, आई वरून ओतायची. त्यात आमच्या घरचं पाणी पडलं की मात्र ती आमटी आमचीच राहायची. आम्ही बौद्ध. बुद्धाला हात जोडायला गाव तयार असे, आमटीचं तेवढं जड जायचं.

त्यातलं शहाजिरं आणि दगडफूल मोहल्ल्यातल्या एका चाचीचं. जुन्या दुष्काळात खडी फोडताना दोघी एका फडक्यावर भाकरी खायच्या, तिथं तिनं आईला ते शिकवलं.

पुढच्या एका दुष्काळात, जनावरं छावणीत आणि माणसं टँकरच्या रांगेत असताना, साखर कारखान्याच्या चेअरमनच्या बाईसाहेबांनी महिलांची मसाल्याची सहकारी संस्था काढली. पाकिटावर ‘घराण्याचा येसर’ छापायचं ठरलं. घराणं त्यांचं होतं, कृती तेवढी आमच्याकडून हवी होती.

आई म्हणाली, “सांगते की. पण येसर आमटी पिल्याबिगर कळत न्हाई. माझ्या घरी या, वाटीभर प्या, मग सांगते.”

बाईसाहेब आल्या तर त्यांचा सोमवार. दुसऱ्या खेपेला गुरुवार निघाला. तिसऱ्यांदा चतुर्थी. त्या दुष्काळात एवढे उपास मी कणग्या भरलेल्या घरांतच पाहिले.

त्यांच्याच कॉलेजात मी फी माफीवर बी.ए. झाले. ते उपकार मी विसरले नाही. त्यांनीही कधी विसरू दिले नाहीत. मी आईला म्हणाले, “सांगून टाक ना.”

“फी तुझी माफ झाली. माझी आमटी कावून माफ करू?”

मग संस्थेचं कर्ज मंजूर करायला बँकेचे साहेब आले, तमिळ मुलखातले. जिथं बनतं तिथंच चाखतो म्हणाले. सगळा लवाजमा आमच्या ओसरीवर. साहेबांनी वाटी संपवली, नाक पुसलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की त्यांची आजीही अशीच डाळ-मिरची भाजून रसम करायची. मग बाईसाहेबांकडे वळले. “आप नहीं लेंगे?”

बाईसाहेब वार आठवू लागल्या.

“मंगळवार हाय,” आई म्हणाली. “चतुर्थी न्हाई. मी कॅलेंडर बघून ठिवलंय.”

कर्ज समोर बसलं होतं. त्यांनी काढा प्यावा तसा एक घोट घेतला. मग दुसरा. मग वाटी तिरकी करून तळाचंही संपवलं.

“मीठ कसं हाय, बाईसाहेब?”

“बरंय.”

“नीट सांगा की.”

“चांगली झालीय,” त्या वाटीकडे बघत म्हणाल्या.

आईनं तिथंच सगळी कृती सांगितली, चाचीच्या शहाजिऱ्यासकट.

पाकिटं निघाली. वर बाईसाहेबांच्या सासूबाईंचा फोटो, ज्यांनी आमच्या उंबऱ्याला कधी पाय लावला नव्हता. मी चिडले. आईनं पाकीट उलटंपालटं केलं. “ऱ्हाऊ दे गं फोटू. सुनेनं खाल्लं न्हवं?”

पाऊसकाळानंतर एका लग्नघरचा माणूस आला आणि सवयीनं लांबूनच डबा धरून उभा राहिला.

“कोरडा संस्थेत मिळतो, बाबा,” आई म्हणाली आणि चुलीवरचं झाकण काढलं. “इथं आता आमटी मिळती. बस.”