भरती पाऊणपट

शुवैख बंदरात लाँच चालवणाऱ्या त्या रत्नागिरीकराला आम्ही सगळे तांडेल म्हणायचो. कुवेत अजून इंग्रजांच्या हाताखाली होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या कंपनीतल्या गोऱ्या साहेबानं पाण्यावर उतरणारं छोटं विमान आणलं. विलायतेतली तळी, इटलीतली सरोवरं त्यानं पालथी घातली होती. इथली जागा शोधायचं काम तांडेलवर आलं, आणि विमानाआधी तोच हवेत गेला. पाणी दिसलं की डोळा बारीक करायचा, खजुराच्या झावळीची काडी टाकून पाण्याची ओढ बघायचा आणि म्हणायचा, "हितं उतरंल, भाऊ. बगळ्यासारखं उतरंल!" एकदा तर चहाच्या बशीकडंही त्यानं तसंच बघितलं.

शेवटी एक उथळ किनारा ठरला. भरतीची वेळ त्यानं घरच्या रीतीनं काढली: चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता समुद्र भरलेला. रत्नागिरीत ही रीत कधी चुकत नाही. कुवेतच्या समुद्राला मात्र ती कुणी शिकवली नव्हती.

विमान ऐटीत उतरलं, घसरत गेलं आणि ओहोटीच्या चिखलात म्हशीसारखं बसलं. तांडेल लुंगी खोचून धावला आणि साहेबाला खांद्यावर घालून निघाला. मी म्हटलं, गेली याची नोकरी! जवळ आल्यावर दिसलं, साहेब खांद्यावर हसून बेजार झाला होता. मला इंग्रजीत ओरडून सांगत होता, "आता पुढची जागा कुठली, विचार याला!"

मी विचारलं. साहेबाला खाली न ठेवताच तांडेल म्हणाला, "सांग त्याला, आमच्या खाडीत उतर. थितली भरती मला इचारून येते."