समोरच्या गाळ्याबरोबर एकच ट्रक

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे जे गाळे आहेत, त्यातल्या एकात शुभदा सावर्डेकर बावीस वर्षं काम करतेय. लग्नानंतर लालबागहून मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहायला आली आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर इथं पॅकिंगला लागली. डब्यांना लेबलं चिकटवता चिकटवता चलन लिहायला शिकली. आता कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक खोका तिच्या सहीने जातो.

दर जानेवारीत दिल्लीला भांड्यांचं प्रदर्शन भरतं. मालकीण हंसाबेन तिथं स्टॉल लावतात. मागच्या खेपेला स्टॉलच्या सामानासाठी त्यांनी अख्खा ट्रक केला होता. तो अर्धा रिकामाच गेला, आणि हॉलच्या गेटवर दीड दिवस थांबला त्याचे पैसे वेगळे. जाऊन-येऊन एक लाख दहा हजार.

"शुभदा, या वर्षी नाय जायचं," हंसाबेन म्हणाल्या. "परवडत नाय."

उन्हाळ्यात पॅकिंगच्या बायकांना जे काम असतं, ते बहुतेक दिल्लीच्या ऑर्डरींचं. शुभदाने दोन दिवस मागून घेतले.

आधी तिने टेप घेऊन जुने खोके मोजले. वेल्डिंग केलेले रॅक तसेच्या तसे खोक्यांत घातले होते, त्यामुळे आत सामान कमी आणि मोकळी जागाच जास्त. तिने फिटर नाथाकडून रॅकचे जोड कापून घेतले आणि नटबोल्ट बसवले. मागच्या भिंतीचा प्लायवूडचा बोर्ड काढून त्या जागी छापील कापड घेतलं. ते गुंडाळलं की बगलेत मावायचं. एकोणीस खोक्यांचे अकरा झाले.

इतर मालाबरोबर पाठवायचं, तर वाटेत दोनदा गाडी बदलणार होती. काचेचं शोकेस धड पोचेल, याची हमी कोणी देईना.

समोरच्या गाळ्याचं डिस्पॅच आत्माराम बघतो. टिफिनच्या झाकणाच्या डिझाइनवरून दोन्ही मालकांचं चार वर्षांपूर्वी वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. या दोघांचं मात्र टपरीवर चहा पिताना रोजचं बोलणं.

"आत्मारामभाऊ, दिल्लीला तुमचा ट्रक किती भरतो?"

"अर्धा. का?"

"आमचाही अर्धाच."

आत्माराम हसला. "शेठ मला घरी बसवतील, ताई."

"विचारून तर बघा. मी पण विचारते."

हंसाबेन भडकल्याच. "त्याच्याबरोबर? माझा नवीन टिफिन तो आधीच बघून घेईल!"

"सॅम्पलच्या खोक्याला सील लावते. आणि सामान उतरवायला मी स्वतः दिल्लीला जाते." हे तिच्या तोंडून निघून गेलं. तोवर ती सुरतेच्या पुढे कधी गेली नव्हती.

त्यावर हंसाबेन तयार झाल्या. समोरच्या शेठनी भाड्याचा आकडा ऐकला आणि एका दिवसात हो म्हटलं. शुभदा आणि आत्मारामने आपापल्या खोक्यांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावल्या, कोणाचं आधी उतरवायचं ते कागदावर लिहिलं, हॉलकडून सामान आत न्यायची एकच वेळ मागून घेतली आणि हमालांचीही एकच टोळी ठरवली.

दिल्लीत ट्रक सकाळी दहाला हॉलच्या गेटवर लागला, बाराला रिकामा झाला. शुभदाने खोके मोजले. दहाच भरले. नेमका सॅम्पलचा नव्हता.

ती शेठच्या स्टॉलकडे जवळजवळ धावतच गेली. तो खोका तिथंच होता, उघडा. आणि टिफिन शेठच्या हातात. बाजूला आत्माराम मान खाली घालून उभा.

"आमच्या माणसाने चुकून सील कापलं," शेठ म्हणाले. "पण बघितला मी, खोटं नाही बोलणार. झाकण चांगलं बसतं. मोजून घ्या."

तिने खाली बसून टिफिन मोजले. चोवीसच्या चोवीस होते. तिच्या पर्समध्ये दुसरं सील होतं. ते लावलं असतं तर कोणाला कळलं नसतं. हात पर्सकडे गेलाही. मग तिने फोन काढला आणि हंसाबेनना झालं ते सगळं सांगितलं.

तिला वाटलं, बावीस वर्षांची नोकरी गेली.

"किती आहेत?"

"चोवीस."

"मग लाव स्टॉलवर. उद्या सगळेच बघणार आहेत." पुढे त्यांनी विचारलं, "बघून तो काय बोलला?"

"झाकण चांगलं बसतं म्हणाले."

"हं," म्हणून हंसाबेननी फोन ठेवला.

परत येतानाही ट्रक एकच होता. दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी बावन्न हजार पडले. ऑर्डरी आदल्या वर्षापेक्षा थोड्या कमीच मिळाल्या, पण मे महिन्यात पॅकिंगच्या आठ बायकांना काम होतं. मालकांचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही.

येत्या जानेवारीला गल्लीतला तिसरा गाळाही ट्रकमध्ये यायचं म्हणतोय. त्यांचं सामान जास्त, म्हणून भाड्याचे तीन सारखे भाग करायला शुभदा तयार नाही. ज्याचं सामान जितकी जागा घेईल तितकं त्याने द्यावं, असं ती म्हणते. आत्मारामला ते पटलंय, तिसऱ्यांशी अजून घासाघीस चालू आहे.