सर्टिफिकेट नसलेला शेंदूर

इन्स्पेक्टर साहेबांनी नॉझलच्या आतल्या काठावर पांढरं कापड फिरवलं आणि ते लाल निघालं. त्यांनी कापड दिघे सरांना दाखवलं. मग दोघांनी माझ्या आणि सुनंदाच्या कपाळाकडे पाहिलं.

कपाळं रिकामी होती. आमच्या क्लीन रूममध्ये कुंकू, टिकली, बांगड्या काही चालत नाही. दारातच पुसून, उतरवून आत जायचं. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. मी म्हणते, संध्याकाळी परत लावते ना.

नॉझल म्हणजे मोठ्या टाकीला पाइप जोडायचं तोंड. हे तोंड अणुवीज केंद्रात जाणार होतं, म्हणून त्याला कोड लागू. कोड म्हणजे जाडजूड नियमांचं पुस्तक. स्टील कोणतं, वेल्डिंग कसं, तपासणार कोण, सगळं त्यात असतं. स्टेनलेस स्टील दिसायला दणकट, पण मिठाला फार भितं. घामाचं मीठ राहिलं तरी पुढे कधीतरी, गरम झाल्यावर, केसासारखी भेग पडू शकते. शिसं, पारा, गंधकही त्याला सोसत नाही. म्हणून त्याच्यावर खूण करायचा पेनसुद्धा सर्टिफिकेटवाला लागतो. मी आणि सुनंदा सुती हातमोजे घालून ते असिटोनने पुसतो. कापड पांढरं निघेपर्यंत पुसायचं, एवढंच आमचं काम.

आणि कापड लाल निघालं होतं.

"क्लीन रूम में कौन कौन आता है?" साहेबांनी विचारलं.

"सर, मी आणि या दोघी," दिघे सर म्हणाले. ते आमचे क्वालिटी मॅनेजर. टेन्शन आलं की ते हिंदीवाल्यांशीही मराठीत बोलतात. मग आमच्याकडे वळले. "सुमनबाई, खरं सांगा. कुंकू लावून आत आलात का? चुकून? होतं असं कधी कधी."

मी मान हलवली. नाही.

"सुनंदा?"

"मी तर सुट्टीवर होते सर, गावी, गौतमपुऱ्याला. सुमनताई होती दसऱ्याला."

सुनंदा वाईट नाही. तिने फक्त खरं सांगितलं, तेही पटकन.

"जो भी है," साहेब म्हणाले, "उसको इस एरिया से हटाइए. फिर आगे बात करेंगे."

आम्ही ठेकेदाराची माणसं. एरियातून हटवणं म्हणजे गेटबाहेर. दुसऱ्या दिवसापासून घरीच.

आता दसऱ्याचं सांगते. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. मशीनची पूजा असते म्हणून झाडझूड करायला मला बोलावलं होतं. कारखान्याचे मालक शेठजी आले, सोबत पुजारी, हातात शेंदराची पुडी. बडा गणपतीच्या देवळाजवळच्या दुकानातून स्वतः घेतलेली. थाळी धरायला मला उभं केलं. लेथला टिळा लागला, क्रेनला लागला, शेठजींच्या गाडीलाही लागला. मग ते म्हणाले, "अपना न्यूक्लियर वाला कहाँ है?"

मी म्हटलं, "साब, उसको…"

"हाँ हाँ, तुम भी दर्शन कर लेना," म्हणत ते चपलांसकट आत गेले. प्लॅस्टिक उचललं आणि आतल्या काठावर बोटाने स्वस्तिक काढलं. बाहेरून काढलं तर दिघे ओरडतो, असं पुजाऱ्याला हसत सांगितलं. मग प्लॅस्टिक नीट झाकून मला म्हणाले, "पोंछना मत. बाप्पा का है."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघे सरांना सांगायचं ठरवून आले, तर त्यांच्या आधी इन्स्पेक्टर साहेब येऊन बसलेले.

म्हणजे बोलले तर शेठजींचं नाव घ्यायचं, आणि नाही बोलले तर माझं नाव लागणार. दोन्हीकडून गेट तेच. मी हातमोज्याचा सुटलेला धागा ओढत उभी राहिले. दिघे सर म्हणाले, "बोला बाई, गप्प राहून कसं चालेल?" माझा आवाज मुळातच चार माणसांत फुटत नाही.

तेवढ्यात शेठजी आले. साहेबांना भेटायला, मिठाईचा डबा घेऊन.

"क्या हुआ भिया, सब ऐसे क्यों खड़े हो?"

दिघे सरांनी लाल कापड दाखवलं. शेठजींचा चेहरा खुलला.

"अरे, ये तो मैंने लगाया है. बड़े गणपति से लाया. साहब, अब आपके टेस्ट में भी कुछ नहीं निकलेगा, लिखवा लो."

दिघे सरांनी कापडाची घडी घातली, उघडली, परत घातली.

"शेठजी," साहेब शेवटी म्हणाले, "सिंदूर में सीसा हो सकता है, पारा हो सकता है."

"बाप्पा का है साहब."

"कोड में बाप्पा के लिए छूट नहीं है."

"तो सर्टिफिकेट वाला सिंदूर मिलता होगा कहीं? दिघे, पता करो."

दिघे सर "हो" म्हणाले. त्यांनी पुढे खरंच दोन-तीन दुकानांत फोन केले. दुकानदार हसले म्हणे.

नॉझल वाचलं. आधी मी आणि सुनंदाने ते पुसलं, मग शुद्ध पाण्याने धुतलं, परत पुसलं. कापड पांढरं निघाल्यावर टेस्टवाला आला. भेग आहे का ते बघायला तो एक पातळ रंग लावतो, थोडं थांबून पुसतो, वरून पांढरी फवारणी करतो. भेग असेल तर आत शिरलेला रंग बाहेर येतो. तो रंग लालभडक असतो. जिथला शेंदूर आम्ही सकाळभर घासला, तिथेच त्याने ब्रशने लाल फासलं. सुनंदा माझ्याकडे बघायला लागली.

"हे चालतं?" तिने विचारलं.

"याचं सर्टिफिकेट आहे," तो म्हणाला.

भेग निघाली नाही. शेठजींनी ते बाप्पाच्या खात्यात टाकलं.

मला कोणी काढलं नाही. पण चूक झाली की तिचं कारण आणि उपाय लिहून द्यावा लागतो. कारण लिहिलं गेलं, बाहेरचा लाल पदार्थ. उपाय लिहिला गेला, महिला कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग.

ट्रेनिंग कँटीनमध्ये झालं. मी, सुनंदा आणि चहावाल्या काकू. पडद्यावर एका बाईचं चित्र, कपाळावर मोठं कुंकू, त्यावर फुली. दिघे सर पूर्ण वेळ पडद्याकडे बघून बोलले. शेवटी "काही प्रश्न?" विचारलं, तेही पडद्यालाच.

उद्घाटन शेठजींनी केलं होतं. समई लावली, नारळ वाढवला आणि पुडी काढून प्रोजेक्टरला टिळा लावला. त्याला कोणी हरकत घेतली नाही. प्रोजेक्टर कोडमध्ये येत नाही.